गालिचे उचलायच्या आधी

मस्कतमधल्या मत्रहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, बंदराकडे तोंड करून ‘दार अल सफिना’ नावाचं जुनं हॉटेल उभं आहे. बाहेरून पाहिलं तर तीन मजली पांढरी इमारत, शेजारच्या व्यापाऱ्यांच्या घरांसारखीच. आत पाऊल टाकलं की मात्र माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. देशात डांबरी रस्ते नवे नवे होत होते त्या काळात ते बांधलं गेलं. दरवाजे सूरहून आलेले, जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी कोरलेले. झुंबरं व्हेनिसची. गालिचे तर खोल्यांची मापं पाठवून इराणमध्ये विणून घेतलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत असे चपखल, की खोली गालिच्यासाठी बांधली की गालिचा खोलीसाठी विणला ते कळू नये.

आता हॉटेल दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. काहीही हलवण्याआधी ते आहे तसं फोटोंत उतरवून ठेवायचं, असं मालकांच्या कुटुंबाने ठरवलं, आणि ते काम अंबरीशकडे आलं.

अंबरीश मूळचा पुण्याचा. जाहिरातीच्या कंपनीत नोकरी धरून मस्कतला आला, पुढे स्वतःचं काम सुरू केलं. इमारतींचे आणि घरांच्या आतल्या भागांचे फोटो काढायचा. लग्नं, वाढदिवस घ्यायचा नाही. मदतनीसही ठेवायचा नाही; कॅमेऱ्याची तिवई, दिवे, सगळं स्वतः उचलायचा. बायको मधुवंती मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेत शिकवायची, मुलगी मैथिली सहावीत होती, घर अल हैलला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

पहिल्या दिवशी त्याने वरच्या खोल्या आणि जिना उरकला. दुसरा दिवस तळमजल्यावरच्या तीन मोठ्या दालनांसाठी होता. बैठकीचं दालन, जेवणाचं दालन आणि बायकांची मजलिस, म्हणजे त्यांची वेगळी बसायची खोली. तिसऱ्या दिवशी सकाळी गालिचे गुंडाळायला माणसं येणार होती.

“म्हणजे आजच काय ते,” नौशीन सकाळी त्याला म्हणाली. ती हॉटेलची व्यवस्थापक. आईवडील दापोलीकडचे, ती स्वतः मस्कतमध्येच वाढलेली. हॉटेलात इंग्रजी-अरबी बोलायची, पण अंबरीश मराठी आहे म्हटल्यावर पहिल्याच भेटीत तिने मराठी सुरू केली होती. “उद्या गालिचा निघाला की खाली नुसता सिमेंट. छोटे अर्बाब, म्हणजे धाकटे मालक, दुपारी एक तरी फोटो मागतील हां. त्यांना धीर नाय.”

“पाठवू की,” अंबरीश म्हणाला.

बैठकीच्या दालनाला समुद्राच्या बाजूने पाच उंच खिडक्या होत्या, त्यांना लाकडी जाळ्या. सकाळी ऊन पाण्यावरून उसळून आत यायचं आणि छतावर हलत राहायचं. हा उजेड अकरापर्यंत टिकणार हे त्याने आधी येऊन पाहून ठेवलं होतं. तो उजेड आत शिरायला वेळ होता म्हणून त्याने जिन्याचे काल राहून गेलेले दोन-चार फोटो घेतले, मग दालनात बसून मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून लॅपटॉपला लावलं. तेवढ्यात फोन वाजला. वडिलांचा होता.

“अंबरीश, बोलू शकतोस का?” कृष्णकांत नेहमी असंच सुरू करायचे.

“बोला बाबा.”

“सुचित्रा गेली.”

आई कुठे गेली, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“सकाळी चहा झाला. पेपर घेऊन बाल्कनीत बसली. मी अंघोळ करून आलो, तर मान कलली होती. डॉक्टर येऊन गेले. काही कळलंही नसेल तिला, म्हणाले.”

अंबरीशने पाहिलं, समोरच्या कोचावर एक उशी तिरकी झाली होती. “मी निघतो,” तो म्हणाला. “दुपारचं विमान मिळतंय का बघतो.”

“नीट ऐक. तिचं देहदानाचं ठरलेलं होतं, तुला ठाऊक आहे. डोळ्यांसाठी माणसं येऊन गेली. मेडिकल कॉलेजची गाडी तासाभरात येईल. फार वेळ ठेवता येत नाही. तू पोचशील तेव्हा ती घरात नसेल.”

“हो.”

“म्हणजे धावत येण्यासारखं काही नाही. दिवस वगैरे करायचे नाहीत, हेही तिनेच सांगितलेलं आहे. हातातलं काम टाकू नकोस. सावकाश ये, पुढच्या आठवड्यात.”

“तुमच्याजवळ कोण आहे?”

“खालच्या मजल्यावरचा सलील आहे. सगळी फोनाफोनी त्यानेच केली. मधुवंतीला तू सांग. ठेवतो आता, डॉक्टर आलेत पुन्हा, सही हवी आहे.”

फोन बंद झाला. वडिलांचा आवाज रोजच्यासारखा होता. वीजबिल भरलं, गॅसवाला येऊन गेला, हे सांगताना असायचा तसाच.

सुचित्राबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. पोरं घाबरत घाबरत बेडकावर सुरी चालवतात, एक दिवस माझ्यावरही चालवू देत, त्यांचा तरी हात स्थिर होईल, असं त्या हसत म्हणायच्या. घरातल्या सगळ्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा एक दिवस खरोखर येईल हे कोणाच्या मनात उरलं नव्हतं. निदान अंबरीशच्या तरी.

त्याने मधुवंतीचा नंबर काढला. ती आता वर्गावर असेल. फोन वाजेल, ती बाहेर येईल, तिला ते वाक्य ऐकवावं लागेल. त्याने फोन खिशात ठेवला. छतावर ऊन हलायला लागलं होतं. तो उठला, जाऊन ती उशी सरळ केली आणि कॅमेऱ्याशी येऊन उभा राहिला.

मग त्याने काम केलं. दुसरं काही करायला नव्हतंच. कोचांच्या पाठी एका रेषेत आहेत का पाहिलं. पितळी धूपदाणीवर बोटाचा ठसा दिसत होता, तो रुमालाने पुसला. एक खुर्ची थोडी मागे घेतली, फोटो घेतला, पुन्हा होती तिथे ठेवली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दालन उमटत होतं. गालिच्याची गडद लाली, जाळ्यांच्या सावल्या, झुंबराचे लोलक. छान दिसतंय, असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं याचं काही वाटलं नाही. हात चालत होते. डोकं कापूस भरल्यासारखं झालं होतं. मधेच त्याच्या मनात आलं, गाडी आली असेल. मग आलं, आईला खाली कसं नेलं असेल, सोसायटीची लिफ्ट तर अरुंद आहे. हा विचार त्याने बराच वेळ केला. कोचासारखी वस्तू वळणावरून न्यायची असती तर केला असता तसा.

उजेड गेल्यावर तो जेवणाच्या दालनात गेला. तिथे खिडक्या नव्हत्या. त्याने दिवे लावले, टेबलांवरच्या चादरींच्या सुरकुत्या हाताने काढल्या. एका वेटरने कॉफी आणून ठेवली. ती त्याने प्यायली, की तशीच राहिली, हे त्याला नंतर आठवेना. तिथून बायकांची मजलिस. निळ्या रेशमी बैठका, भिंतीत कोरलेले कोनाडे, कोनाड्यांत गुलाबपाण्याच्या चांदीच्या सुरया. सगळ्याचे फोटो झाले.

दुपारी नौशीन आली. “सर, अर्बाबचा तीनदा फोन आला. बैठकीच्या दालनाचा एक द्या ना. कच्चा चालेल.”

अंबरीशने लॅपटॉप मांडीवर घेतला. कार्ड त्यातच होतं. आत जिना होता, कठड्याची लाकडी नक्षी होती, जिन्यावरची खिडकी होती. त्यापुढे काही नव्हतं. त्याने कॅमेरा उचलून कार्डाची खिडकी उघडली. आत रिकामी फट. कार्ड नसलं तरी बटण दाबलं जातं आणि पडद्यावर फोटो उमटतो, फक्त कोपऱ्यात लाल अक्षरांत तसं लिहून येतं. ती लाल अक्षरं सकाळपासून तिथेच असणार. त्याने ती पाहिली होती, बहुतेक. पाहिलं होतं आणि काहीच वाचलं नव्हतं.

“काय झालं?” नौशीनने विचारलं.

“नाहीयेत,” तो म्हणाला. “सकाळपासूनचे फोटो नाहीयेत. कार्डच नव्हतं आत.”

नौशीनला आधी तो गंमत करतोय असं वाटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती घाबरली. त्या चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. एवढं काम वाया गेल्यावर माणूस कपाळाला हात लावतो, निदान एखादी शिवी तरी देतो.

“तुम्हाला बरं नाय वाटत का?”

“बरं आहे.”

“बीपी बीपी आहे का? साखर? मी डॉक्टर बोलवते.”

“नको. आज सकाळी आई गेली माझी. पुण्याला.”

नौशीन पुटपुटली, “इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन,” आणि समोरच्या निळ्या बैठकीवर बसली. एरवी ती पाहुण्यांच्या बैठकांवर कधी बसायची नाही. “आज सकाळी? मग तुम्ही इथे काय करता?”

“फोटो,” अंबरीश म्हणाला. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे, काढत होतो.”

“फ्लाइट कधीची? मय्यत कधी आहे?”

“नाही मय्यत.” मग त्याने सांगितलं. देहदान, कॉलेजची गाडी, दिवस करायचे नाहीत. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की वडील ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात आपण बोलतोय.

नौशीन ऐकत राहिली. “माती नाही, आग नाही, काहीच नाही?”

“काहीच नाही. म्हणून तर बाबा म्हणाले, येऊ नकोस.”

“आणि ते? आता त्यांच्याजवळ कोण आहे?”

“शेजारचा मुलगा होता.”

“गाडी गेल्यावर पण थांबला असेल?”

 ते अंबरीशला माहीत नव्हतं. गाडी आली असेल इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. गाडी गेल्यानंतरचं घर त्याच्या मनात आलंच नव्हतं.

“आमचे अब्बा इथे वारले, मस्कतला,” नौशीन म्हणाली. “तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. आई दापोलीला अडकलेली. आम्ही तिला फोनवर दफन दाखवलं. पुढे तिला इकडे आणली, तेव्हा मला वाटलं, कबर बघायला मागेल. तिने विचारलंसुद्धा नाय. ती एवढंच बोलते, त्या दिवशी फोन बंद झाल्यावर घरात मी एकटी होते, आणि काय करायचं ते समजत नव्हतं. अजून तेच बोलते.” ती उठली. “मी दार लावून घेते. तुम्ही फोन करा त्यांना.”

दार लागलं. अंबरीशने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर वडिलांनी उचलला.

“बाबा, काय करताय?”

“काही नाही. बसलोय.”

“सलील आहे?”

“तो गेला मघाशीच. त्याला ऑफिस होतं. मीच म्हटलं, जा.”

“गाडी?”

“येऊन गेली. लोक चांगले होते. नमस्कार केला त्यांनी तिला.”

“जेवलात का?”

 फोन कट झाला असं वाटून अंबरीशने पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे जात होते.

“तिने सकाळीच कुकर भरून ठेवला होता,” कृष्णकांत म्हणाले. “चहाच्या आधी. वरण-भात. म्हटलं, भिजलेले तांदूळ वाया कशाला घालवायचे, म्हणून मी गॅस लावला. शिट्ट्या झाल्या. आता उघडलाय. तो दोघांचा आहे रे.”

“हो.”

“मला त्यातला किती घ्यायचा ते कळेना. नेहमी तीच वाढते. तेव्हापासून असाच ओट्याजवळ बसलोय.”

अंबरीशला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. त्याने वाट पाहिली. आलं नाही. त्याला फक्त ओट्याजवळचं प्लॅस्टिकचं स्टूल दिसलं, आणि उघडा कुकर.

“थोडा ताटात घ्या, बाबा. तूप घाला. उरलेला फ्रीजमध्ये ठेवा. मी आज रात्री निघतो. सकाळी येतो.”

मघाशी येऊ नकोस म्हणणारे कृष्णकांत आता म्हणाले, “बरं. ये.”

मग त्याने मधुवंतीला फोन केला. तिची शाळा सुटली होती, ती गाडीत होती. “सकाळी? आणि तू आत्ता सांगतोयस?” ती म्हणाली. पुढे तिने काही विचारलं नाही. तिकडून फक्त रडण्याचा आवाज येत राहिला, आणि मागच्या सीटवरून मैथिलीचा, “व्हॉट हॅपन्ड, ममा? व्हॉट हॅपन्ड?” अंबरीश ते ऐकत राहिला. आपल्या आईसाठी कोणीतरी रडतंय याचं त्याला बरं वाटलं.

बाहेर नौशीन फोनवर अरबीत बोलत होती. तिने फोन ठेवला आणि मान हलवली. “अर्बाबना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, दुआ केली. पण गालिच्यावाल्यांची तारीख नाय बदलत. त्यांचा कंटेनर बुक आहे.”

“साहजिक आहे,” अंबरीश म्हणाला. “जेवणाचं दालन आत्ता घेतो पुन्हा. त्याला बाहेरचा उजेड लागत नाही. ही मजलिसही होईल.”

“राहू दे ना, अहो. घरी जा.”

“विमान रात्रीचं आहे. घरी जाऊन बॅग भरायला कितीसा वेळ लागणार? मला जमेल.”

त्याने कार्ड घातलं, फट बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. दोन्ही दालनं घेतली. सकाळी केली होती तितकीच नीट. नौशीन दारात उभी राहून पाहत होती. मधेच त्याचा हात दिव्याच्या खटक्यावर तसाच राहिला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “आता तो कोपरा राहिला.” तो म्हणाला, “हो हो,” आणि त्याने तो कोपरा घेतला.

बैठकीचं दालन मात्र राहिलं. खिडक्यांमधून आता संध्याकाळचा राखाडी उजेड येत होता, छत मेलं होतं. तो दोन मिनिटं दारात उभा राहिला आणि कॅमेरा बॅगेत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं गालिचे गुंडाळायला यायच्या आधी नौशीनने त्या दालनाचे फोटो तिच्या मोबाइलवर काढले. अंबरीश तेव्हा पुण्यात, ओट्याजवळ वडिलांशेजारी बसला होता. पुढे हॉटेलने जे जाडजूड पुस्तक छापलं, त्यात जिना दोन पानं भरून आहे, मजलिस पानभर आहे, आणि सगळ्यात देखणं दालन पाव पानात, किंचित तिरकं. त्याच्याखाली नौशीनचं नाव आहे. अंबरीशने मोबदल्याचा हिशोब करताना तेवढा भाग वगळला. मालकांनी त्याला परत काम दिलं नाही. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच वाटत नव्हतं.

पुण्यात करायला खरंच काही नव्हतं. लोक भेटायला येत, चप्पल काढून आत बसत, आणि कुठे बघावं हे त्यांना कळत नसे, कारण हार घातलेला फोटो नव्हता, दिवा नव्हता. कृष्णकांत त्यांना मेडिकल कॉलेजचा फोन नंबर देत. आठवड्याने अंबरीश परतला. महिन्याभरात त्याने वडिलांचा व्हिसा काढून त्यांना अल हैलला आणलं, तीन महिन्यांसाठी. ते आले, बॅगेतून गोडा मसाल्याची पिशवी काढून मधुवंतीला दिली, आणि म्हणाले, “हा शेवटचा. जपून वापर.” मधुवंती ती पिशवी घेऊन आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी तिघं किनाऱ्यावर फिरायला जात. कृष्णकांत, अंबरीश आणि मैथिली. ओहोटीच्या कडक वाळूवर मुलं फुटबॉल खेळत असत, कोळी लोक जाळी ओढून ठेवत. एकदा असेच चालत असताना मैथिलीने आजोबांचा हात धरला आणि शब्द जुळवत विचारलं, “आजोबा, तुम्हाला आजीसाठी… रडू आली का?”

“आलं का, म्हणायचं,” अंबरीश म्हणाला.

“आलं का?”

कृष्णकांत चालायचे थांबले. “नाही गं,” ते म्हणाले. “अजून नाही आलं.” मग अंबरीशकडे वळून, मैथिलीला ऐकू जाईल याची पर्वा न करता त्यांनी विचारलं, “तुला?”

“नाही, बाबा.”

“मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“मलाही तसंच वाटत होतं.”

“पन्नास वर्षं,” कृष्णकांत म्हणाले.  फुटबॉल घरंगळत त्यांच्या पायाशी आला, त्यांनी तो पायाने हलकेच परत ढकलला. “शुक्रन, हाज्जी!” पलीकडून कोणीतरी ओरडलं.

“काय म्हणतोय तो?”

“थँक्यू म्हणतोय,” मैथिली म्हणाली.

“अस्सं.” ते पुन्हा चालायला लागले. मैथिली मधे, दोघांचे हात धरून. थोडं पुढे गेल्यावर कृष्णकांतांनी विचारलं, इथे पडवळ मिळतं का. मिळतं, अंबरीश म्हणाला, सीबच्या बाजारात, पण सकाळी लवकर जावं लागतं. मग उद्या जाऊ या, ते म्हणाले.